हीट स्प्रेडर (रॅमवरील)

रॅमच्या, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या मेमरीच्या, पट्टीवर थर्मल (उष्णता वाहून नेणाऱ्या) टेपने चिकटवलेल्या धातूच्या, बहुधा ॲल्युमिनियमच्या, पातळ पत्र्याला हीट स्प्रेडर म्हणतात. एखाद्या चिपवर साठणारी उष्णता पट्टीभर पसरवणे हे त्याचे काम. घरच्या किंवा ऑफिसच्या साध्या संगणकात तो नसला तरी काही अडत नाही.

1999 च्या सुमारास आलेल्या रॅम्बस कंपनीच्या मेमरीत एका वेळी एकाच चिपवर कामाचा भार पडे आणि ती चिप भलतीच तापे; तिथे पत्रा खरोखर गरजेचा होता. पुढे डीडीआर या प्रकारच्या मेमरीचे व्होल्टेज पिढीगणिक उतरत गेले: डीडीआर 2.5, डीडीआर2 1.8, डीडीआर3 1.5, डीडीआर4 1.2 आणि डीडीआर5 1.1 व्होल्ट. आज रॅमची एक पट्टी जेमतेम काही वॅट वीज घेते, तर डेस्कटॉपचा प्रोसेसर सहसा 65 वॅट आणि त्याहून अधिक. लॅपटॉपच्या चिंचोळ्या जागेतली रॅम बहुतेक वेळा उघडीच असते, आणि वर्षानुवर्षे चालते.

पत्र्याची रॅम घ्यावी का, हा प्रश्न नाशिकमध्ये एप्रिल-मेमध्ये हमखास निघतो. पारा चाळिशी ओलांडतो, खोलीत एसी नसतो, आणि संगणक असेंबल करून घेणाऱ्याला पत्र्याच्या रॅमसाठी जास्त पैसे मोजावेत असे वाटू लागते. हिशेब असा आहे: मेमरी चिपची नेहमीची मर्यादा 85 अंश सेल्सिअस. कॅबिनेटमधली हवा 50 अंशांवर गेली तरी 35 अंशांचे अंतर उरते. 85 च्या वर, 95 अंशांपर्यंत, चिपमधला विद्युतभार लवकर गळतो, म्हणून डीडीआर4 मध्ये तो 64 ऐवजी दर 32 मिलिसेकंदांनी ताजा करावा लागतो. साध्या वापरात ही वेळ सहसा येत नाही.

ओव्हरक्लॉकिंगची, म्हणजे रॅम ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवण्याची, गोष्ट वेगळी. त्यासाठी डीडीआर4 ला 1.2 ऐवजी 1.35 व्होल्ट दिले, तर उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे सव्वापट होते. डीडीआर5 मध्ये वीज नियंत्रित करणारी चिपही पट्टीवरच आली आहे आणि तीही तापते. अशा वेळी पत्रा उपयोगी पडतो, पण त्यावरून हवा वाहती असेल तरच. सातपूर-अंबडच्या कारखान्यांमधल्या संगणकांत धूळ साचते. तिथे आधी जाळी आणि पंखे साफ करावेत, पत्र्याचा विचार नंतर. डीडीआर5 च्या पट्टीत तापमापक असतो, त्यामुळे मेच्या दुपारी खरा आकडा पाहता येतो.

उंच पत्रा प्रोसेसरच्या मोठ्या कूलरला अडतो, हे खरेदीआधी मोजून घ्यावे. लावलेला पत्रा मात्र ओढून काढू नये: टेप इतकी घट्ट असते की तिच्याबरोबर चिपही उखडून येऊ शकते, आणि पट्टी कायमची जाते.