तरणतलावाभोवतीचे कृत्रिम गवत

घराच्या किंवा फार्महाऊसच्या तरणतलावाच्या काठाला अंथरले जाणारे प्लास्टिकचे गवत. पॉलिथिलीनच्या पाती जाळीदार कापडात टाचून मागून लेप देऊन त्या पक्क्या केलेल्या असतात. सोलापुरात ‘टर्फ’ म्हटले की बॉक्स क्रिकेटचे मैदान डोळ्यांपुढे येते. तिथले उंच, काळे रबरी दाणे भरलेले गवत तलावाकाठी वापरू नये : दाणे पाण्यात उतरतात, उन्हात तापतात आणि ओल्या पायांना चिकटून घरभर होतात. तलावासाठी 25 ते 35 मिमी उंचीचे, निचऱ्याची भोके आणि पॉलियुरेथेनचा लेप असलेले गवत घ्यावे. लॅटेक्सचा लेप स्वस्त पडतो, पण सतत ओला राहिला की सुटू लागतो आणि पाती झडतात.

सोलापूर परिसरात या कामाची खरी परीक्षा जमीन घेते. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर थेट खडी टाकली तर वर्षभरातच गवतावर चढउतार दिसू लागतात. म्हणून काळी माती निदान 30 सेंमी, आणि थर उथळ असेल तर खालचा मुरूम लागेपर्यंत, काढून टाकावी. त्या जागी मुरूम 15 सेंमीच्या थरांनी, पाणी मारत धुमसावा. त्यावर जिओटेक्स्टाइल कापड (पाणी जाऊ देणारे, पण माती आणि खडी वेगळी ठेवणारे जाड कापड), मग 75 मिमी खडी आणि सर्वांत वर 25 मिमी बारीक कच. प्रत्येक थरावर प्लेट कॉम्पॅक्टर, म्हणजे थरथरणाऱ्या पत्र्याचे धुमसयंत्र, फिरवावा. कचेऐवजी नुसती क्रशर डस्ट (खडी फोडताना पडणारी भुकटी) पसरली तर ती दबून घट्ट बसते, पाणी मुरत नाही आणि गवताला कुबट वास येतो.

नव्या तलावाच्या बाबतीत घाई फार महागात पडते. खड्डा तलावाच्या भिंतीपेक्षा रुंद खणलेला असतो आणि भिंतीमागची भर पहिल्या पावसात खाली बसते. भर थराथराने धुमसलेली नसेल तर एक पावसाळा जाऊ द्यावा, खचलेले भरून घ्यावे, मगच गवताचे काम काढावे. याच भरीतून फिल्टरचे आणि दिव्यांच्या वायरींचे पाइप गेलेले असतात. ते बुजवण्यापूर्वी मापपट्टी शेजारी ठेवून फोटो काढून ठेवावेत; 15 सेंमीचा खिळा नेमका कुठे ठोकायचा नाही हे पुढे त्यावरूनच कळते.

उतार तलावाकडून बाहेर, 80 ला 1. म्हणजे 1.8 मीटर रुंद पट्टीत सव्वादोन सेंमी. उतार उलटा पडला तर सप्टेंबरच्या एका मोठ्या सरीत काठावरची सगळी धूळ तलावात येते.

मापाचा अंदाज असा : दगडी काठासह 8 × 4 मीटरचा तलाव आणि भोवती 1.8 मीटरची पट्टी धरली, तर गवताचे क्षेत्र सुमारे 56 चौरस मीटर होते. 2 मीटर रुंदीच्या रोलमधून लांब बाजूंना 11.6 मीटरचे दोन आणि आखूड बाजूंना 1.8 मीटरचे चार तुकडे, मिळून 30.4 मीटर लागतात. 32 मीटर मागवावे. खडी आणि कच मिळून अडीच ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट), सांध्याची टेप 11 मीटर. आखूड बाजूचे तुकडे आडवे फिरवून सांधे वाचवण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. टॉवेलवरून हात फिरवताना लव एका बाजूला मऊ आणि उलट फिरवली की खरखरीत लागते, तसाच या पातींना कल असतो. तुकडा फिरवला की त्याचा हिरवा रंग वेगळाच दिसतो, आणि तो दोष नंतर झाकता येत नाही.

रोल उलगडून दोन-तीन तास उन्हात पसरावा, म्हणजे घड्या मोडून तो सपाट होतो. कापणी मागच्या बाजूने, टाक्यांच्या दोन ओळींमधून करावी. कडेची कोरी किनार आधी काढावी. सांध्यात 2-3 मिमी फट ठेवून खाली टेप आणि पॉलियुरेथेन चिकट घालावे, वर वाळूच्या गोण्या ठेवून दिवसभर तसेच राहू द्यावे. मे महिन्याच्या दुपारी ताणून बसवलेले गवत थंडीत आकसते आणि सांधा उघडतो, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली सकाळ उत्तम. बाहेरच्या कडेला जस्त चढवलेले खिळे दर 30 सेंमीवर एक असे मारावेत. पाण्याकडच्या कडेला खिळा नको : गंजतो, वर येतो आणि अनवाणी पायात जातो. तिथे काँक्रीटची पट्टी घालून गवत चिकटवावे.

पाती उभ्या राहाव्यात म्हणून गोलसर सिलिका वाळू चौरस मीटरला 5 किलो पसरून झाडूने आत घालतात. तलावालगतची 30 सेंमी पट्टी मात्र कोरी ठेवावी, नाहीतर वाळू फिल्टरपर्यंत पोचते. वरच्या मापाला सुमारे 240 किलो पुरते.

उन्हाचे काय, हा प्रश्न सोलापुरात टाळता येत नाही. पारा चाळिशीपार गेला की उघड्यावरचे गवत 60 अंशांच्या वर तापते. पाणी मारल्यावर निवते, पण लवकरच पुन्हा तापते. लहान मुले असतील तर पायऱ्यांजवळ सावलीची सोय करूनच हे काम करावे. खिडकीच्या आरशासारख्या काचेवरून परावर्तित होणारे ऊन पाती वितळवू शकते, तेही आधी पाहून घ्यावे.

तलावात क्लोरिन 1 ते 3 पीपीएम (दहा लाख भाग पाण्यात 1 ते 3 भाग) असेल तर उडालेल्या पाण्याने गवताला काही होत नाही. सांडलेली ब्लीचिंग पावडर किंवा गवतावर ठेवलेली क्लोरिनची ओली गोळी मात्र डाग पाडते. बोअरचे पाणी जड असल्यास पातींवर पांढरे क्षार साचतात. पातळ केलेले व्हिनेगर लावून भरपूर पाण्याने धुवावे. उरलेला तुकडा गुंडाळून माळ्यावर टाकू नये. तो गच्चीवर उन्हात पसरून ठेवावा, म्हणजे काठावरच्या गवताबरोबर त्याचाही रंग उतरतो आणि पुढे ठिगळ लावायची वेळ आली तर ते उठून दिसत नाही.