शोकाच्या अवस्था

जिवलग माणूस गेल्यावर मागे राहिलेल्यांच्या मनात होणाऱ्या उलथापालथीचे टप्पे. एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस (१९२६–२००४) या स्विस-अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी १९६९ मध्ये नकार, राग, सौदेबाजी, नैराश्य आणि स्वीकार अशा पाच अवस्था मांडल्या. त्या मुळात मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून सुचलेल्या. मागे राहिलेल्यांना नंतर लागू झाल्या. त्या सगळ्यांना येतातच असे नाही, आल्या तरी याच क्रमाने येतील असे नाही. तरीही ‘वर्ष झालं, अजून सावरली नाही’ असा हिशेब लोक मांडतातच.

खानदेशात नकाराला फार वाव मिळत नाही. सोयरेधायरे दारावर येतात, बायका गळ्यात पडून हेल काढून रडतात आणि येणाऱ्या प्रत्येकाला शेवटच्या दिवसाची हकिकत पहिल्यापासून सांगावी लागते. दहाव्याला तापीकाठ, बहुधा प्रकाशे किंवा चांगदेव, पुढे गंधमुक्ती, म्हणजे सुतक संपवण्याचा विधी. सौदेबाजी ‘आधीच धुळ्याला हलवलं असतं तर’ या वाक्यात ऐकू येते, आणि ते वाक्य महिनोन्‌महिने संपत नाही. राग कधी डॉक्टरवर निघतो, कधी गेलेल्यावरच. काही घरांत तो विधवा सुनेवर काढला जातो, ‘पांढऱ्या पायाची’ म्हणून. त्याला शोकाची अवस्था म्हणणे म्हणजे त्याला माफी देणे होय.

मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये टप्प्यांऐवजी ये-जा मांडली: माणूस कधी दुःखाकडे वळतो, कधी रोजच्या जगण्याकडे, आणि दोन्ही लागते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, हे एकाच दिवसात दिसते. सकाळी पाण्याने भरलेली नवी घागर पुजायची, तिच्यावर डांगर (खरबूज) ठेवायचे, पितरांच्या नावाने पुरणपोळी-आमरसाचा घास विस्तवावर टाकायचा. दुपारी माहेरवाशिणी झोक्यावर गाणी म्हणतात. घरातले माणूस गेल्यानंतरची पहिली आखाजी मात्र जड जाते. वर्षभर न रडलेला मुलगा घागर भरताना रडतो.

शोक लांबून रोजचे जगणेच अडले तर तो विकार ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणानुसार त्यासाठी किमान ६ महिने आणि त्या समाजाच्या रीतीपेक्षा स्पष्टपणे जास्त काळ उलटावा लागतो. अमेरिकी निकष प्रौढांसाठी १२ महिन्यांचा आहे. जीव द्यावासा वाटत असेल तर मात्र महिने मोजत बसू नये: सरकारी ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत असून तिथे मराठीतही बोलता येते.