मोसंबीचे फसफसते पेय (मराठवाडा)

मोसंबीचा ताजा रस आणि थंडगार सोडा एकत्र करून केलेले पेय. काही ठिकाणी सोड्याऐवजी फसफसती वाइन घालतात. सकाळच्या न्याहारीची वेळ टळलेली आणि दुपारच्या जेवणाला अवकाश, अशा सुटीच्या दिवशीच्या उशिराच्या खाण्याबरोबर ते घ्यावे. मद्याविनाचे रूप मराठवाड्यातल्या बहुतेक घरांत सर्वांसमोर ठेवता येते, म्हणून या नोंदीत तेच मुख्य धरले आहे.

उशिराच्या न्याहारीला ‘ब्रंच’ हे नाव इंग्लंडमध्ये १८९५ साली गाय बेरिंजर यांच्या एका लेखातून छापून आले. अशा खाण्याबरोबर संत्र्याचा रस आणि फसफसती वाइन देण्याची रीत पुढे युरोपात रुळली. लंडनच्या बक्स क्लबात १९२१ मध्ये निघालेल्या ‘बक्स फिझ’ या पेयात एक भाग रसाला दोन भाग शॅम्पेन असते. त्यानंतर काही वर्षांनी नावारूपाला आलेल्या ‘मिमोसा’त दोन्ही समसमान असतात. मिमोसाचा जन्म पॅरिसच्या रिट्झ हॉटेलातला सांगितला जातो. हे प्रमाण मोसंबीला जसेच्या तसे लावले तर पेय सपक होते. मोसंबीत संत्र्यापेक्षा आम्ल बरेच कमी असते आणि पातळ केल्यावर तिचा गोडवा एकटा पडतो. म्हणून इथे कागदी लिंबू हवेच.

मोसंबी हे मराठवाड्याचे घरचे फळ. जालना जिल्ह्यातील अंबड आणि घनसावंगी, तसेच छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पैठण हे तिचे मोठे पट्टे. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी याच भागातून जाते. पाचोडचा मोसंबी बाजार दूरवर माहीत आहे, बदनापूरला मोसंबी संशोधन केंद्र आहे आणि जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. रंगपूर लिंबाच्या खुंटावर, म्हणजे मुळाकडच्या रोपावर, मोसंबीचा डोळा (फुटव्याची कळी) भरून कलम करतात. लावलेल्या झाडाला फळ धरायला चार-पाच वर्षे लागतात. त्यामुळे २०१२-१३ च्या दुष्काळात ज्यांनी टँकरने पाणी घालूनही वाळलेल्या बागा तोडल्या, त्यांचे नुकसान एका हंगामाचे नव्हते. एवढ्या कष्टाने वाढवलेल्या फळाकडे आपण आजाऱ्याला भेटायला जाताना पिशवीत न्यायची वस्तू म्हणूनच पाहतो, हे बदलायला हवे. धडधाकट माणसांच्या ताटाशेजारीही तिची जागा आहे.

फळ निवडताना रंगावर जाऊ नये. लिंबूवर्गीय फळांची साल पिवळी होण्यासाठी थंड रात्री लागतात. इथल्या उष्ण हवेत पिकलेली मोसंबीही पुष्कळदा हिरवीच राहते. हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने जड लागणारे, सालीला तकाकी असलेले फळ घ्यावे. देठाच्या विरुद्ध टोकाशी गोल कडे आणि अंगावर उभ्या बारीक रेषा ही मोसंबीची ओळख आहे. दोनशे ग्रॅमच्या चांगल्या फळातून साधारण ८० मिलिलिटर रस निघतो, म्हणजे एका पेल्याला एक मोठे फळ पुरते.

रस काढणे हाच या पेयाचा नाजूक भाग आहे. पिळल्यावर लगेच गोड लागणारा रस काही वेळाने कडवट होतो. फळात लिमोनिन या कडू द्रव्याचे चव नसलेले पूर्वरूप असते. पेशी फुटल्या की ते रसातल्या आम्लाच्या संपर्कात येते आणि हळूहळू लिमोनिनमध्ये बदलते. बिया आणि सालीखालचा पांढरा थर यांत ते द्रव्य अधिक असते. मिक्सरमध्ये बियांसकट फोडी फिरवल्या, तर कडवटपणा हमखास येतो. म्हणून फळ आडवे कापून हाताच्या यंत्रावर हलकेच पिळावे, शेवटच्या थेंबासाठी साल रगडू नये आणि रस लगेच गाळून घ्यावा. पाहुणे यायच्या आदल्या रात्री रस काढून ठेवण्याचा मोह टाळावा. फ्रिजमध्ये ही क्रिया मंदावते, पण थांबत नाही.

फेस टिकतो तो थंडाव्याने. वातावरणाच्या दाबाखाली एक लिटर पाण्यात ० अंश सेल्सियसला सुमारे १.७ लिटर कार्बन डायऑक्साइड विरघळतो, २५ अंशांना मात्र जेमतेम पाऊण लिटर. एप्रिलच्या दुपारी कोमट बाटली उघडली तर वायू पेल्यात पोचण्याआधीच निघून जातो. सोडा, रस आणि पेले तिन्ही आधीच गार करावेत. पेल्यात भरपूर बर्फ घालणे हा तितका चांगला उपाय नाही, कारण तो वितळून पेय पातळ करतो आणि त्याच्या खरबरीत पृष्ठभागावर बुडबुडे झपाट्याने सुटतात. गाड्यावरच्या लिंबू सोड्यात वरून मीठ टाकले की पेला उतू जातो, त्यामागेही हेच कारण आहे: मिठाच्या कणांवर वायू एकदम गोळा होतो. जुन्या गोटी सोड्याच्या बाटलीत आतल्या वायूचा दाबच काचेची गोटी रबरी कड्यावर दाबून धरतो. हायरम कॉड यांची ही युक्ती १८७० च्या दशकातली. अशी बाटली मिळाली तर तिचा जोरदार फेस या पेयाला फार शोभतो.

एका पेल्यासाठी गाळलेला मोसंबीचा रस ८० ते ९० मिलिलिटर, लिंबाचा रस दोन लहान चमचे आणि मोसंबीच्या रसाइतकाच सोडा घ्यावा. चिमूटभर काळे मीठ आधीच लिंबाच्या रसात पूर्ण विरघळवावे. साखर घालू नये. ज्यूस सेंटरवर साखरेचा पाक ओतून देतात, त्यात फळाची चव हरवते. पेला तिरका धरून आधी सोडा ओतावा, मग दोन्ही रस कडेने हळूच सोडावेत. साखरेमुळे रस जड असतो, तो खाली उतरताना आपोआप मिसळतो. चमच्याने ढवळल्यास फेस मरतो. जिरेपूड आवडत असेल तर ती भाजून, अगदी थोडी, शेवटी भुरभुरावी.

वाइनचे रूप करायचे असेल तर फसफसती वाइन कोरडी, म्हणजे कमी साखरेची घ्यावी. नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी परिसरात ती तयार होते. दोन भाग वाइन, एक भाग मोसंबी आणि थोडे लिंबू हे प्रमाण मोसंबीला मिमोसाच्या समसमान मापापेक्षा जास्त मानवते, कारण वाइनचे आम्ल रसातली उणीव भरून काढते. या रूपात मीठ नको. राज्यातील १९४९ च्या दारूबंदी अधिनियमानुसार मद्य बाळगण्यास व पिण्यास परवाना लागतो. गाडी चालवणाऱ्यांसाठी आणि न पिणाऱ्यांसाठी सोड्याचे पेले तितक्याच निगुतीने भरावेत.

सोबत काय द्यावे, याला मराठवाड्यात उत्तर शोधावे लागत नाही. चुरमुऱ्यांची सुशीला, दह्याबरोबर धपाटे, हिरव्या मिरचीचा ठेचा. ठेच्याच्या घासानंतर सोड्याची झणझण आधी तिखट वाढवल्यासारखी वाटते, मग मोसंबीचा गोडवा ते खाली आणतो. खव्याच्या किंवा पाकातल्या मिठाईबरोबर मात्र हे पेय देऊ नये, जिभेवर फक्त आंबटपणा उरतो.

हंगाम दोन, ते बहारावरून म्हणजे फुलोऱ्यावरून ओळखले जातात. आंबे बहाराला जानेवारी-फेब्रुवारीत फुले येतात आणि फळे पावसाळ्याच्या अखेरीपासून दिवाळीच्या सुमारास उतरतात. पावसाच्या तोंडावर फुलणाऱ्या मृग बहाराची फळे फेब्रुवारीपासून उन्हाळ्यात येतात. याच दिवसांत या पेयाची खरी ओढ लागते, मात्र विहिरींचे पाणीही तेव्हाच आटत जाते, त्यामुळे चांगल्या फळाला भाव असतो. त्या दिवसांत मधल्या दलालांऐवजी थेट बागेतून किंवा रस्त्याकडेला फळे विकणाऱ्या बागायतदाराकडून घेतल्यास फळ ताजे मिळते आणि पैसा त्याच्या हाती जातो.