डोंगर आणि खाडी यांच्या मधली साडेसहा कोटी वर्षं

कळव्यात आमच्या इमारतीच्या गच्चीवर उभं राहिलं की एका बाजूला पारसिकचा डोंगर दिसतो आणि दुसऱ्या बाजूला खाडी. डोंगराच्या पायथ्यापासून खाडीच्या चिखलापर्यंत रमतगमत गेलं तरी फार वेळ लागत नाही. पण डोंगराचा दगड साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा आणि चिखल जुन्यात जुना धरला तरी काही हजार वर्षांचा. म्हणजे या एवढ्याशा वाटेत सहा कोटींहून अधिक वर्षं आपल्या पायाखालून निघून जातात.

गेली काही वर्षं मला या दोन टोकांनी झपाटलंय. दगड कसा वाचायचा, चिखल कसा वाचायचा हे शिकताना एक गोष्ट हळूहळू पटत गेली. पृथ्वीने आपली रोजनिशी धामधुमीत लिहिलेली नाही, उसंत मिळाली तेव्हा लिहिली आहे. लाव्हा वाहत होता तेव्हाची नोंद ठसठशीत आहे, डोंगरच्या डोंगर उभे आहेत. पण तेव्हा पाऊस कसा पडत होता, झाडं कोणती होती, डबक्यात कोण राहत होतं, हे सगळं लाव्हा थांबला त्या मधल्या काळांत लिहिलं गेलं.

आधी डोंगराकडे जाऊ. पारसिक म्हणजे बेसाल्ट, आपल्याकडचा काळा कातळ. दख्खनचा हा लाव्हा एखाद्या शंकूसारख्या ज्वालामुखीच्या तोंडातून आलेला नाही. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यांतून तो पुन्हा पुन्हा बाहेर आला आणि दूरवर पसरत गेला. आज उरलेले थरच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर आहेत, आणि पश्चिम घाटात त्यांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या वर जाते. १,६४६ मीटर उंचीचं कळसूबाईचं शिखर अशाच एकावर एक बसलेल्या थरांचं आहे.

एका बंद पडलेल्या दगडखाणीच्या कडेला सापडलेला मुठीएवढा तुकडा माझ्या टेबलावर असतो. त्याची एक बाजू घट्ट, काळीभोर, हातोडी मारली तर ठणठण वाजेल अशी. दुसरी बाजू जाळीदार, आणि भिंगातून पाहिलं तर त्या जाळीच्या प्रत्येक खळग्यात पांढरे, काही ठिकाणी फिकट गुलाबी स्फटिक बसलेले. खाणीत आयुष्य काढलेल्या एका मामांना तो दाखवला, तर त्यांनी बोटाने नुसता उलटवला आणि म्हणाले, “हा वरचा. खडीला चालत नाही.” त्यांनी एका वाक्यात जे सांगितलं ते भूशास्त्राच्या वर्गात पहिल्या आठवड्यात शिकवतात. लाव्हा वाहतो तेव्हा त्यातले वायू बुडबुडे होऊन वर सरकतात आणि माथ्याशी अडकून गोठतात. म्हणून प्रत्येक प्रवाहाचा माथा सच्छिद्र असतो आणि पोट घट्ट. कड्यावर खालून वर पाहत गेलं, घट्ट-सच्छिद्र-घट्ट-सच्छिद्र असं मोजत गेलं, की लाव्हाचे किती लोंढे आले ते मोजता येतं. खळग्यांतले स्फटिक मात्र नंतरचे. दगड थंड झाल्यावर त्यातून खनिजं विरघळलेलं गरम पाणी झिरपत राहिलं आणि रिकाम्या जागांत झिओलाइट गटातली खनिजं वाढली. महाराष्ट्रातल्या खाणींमधले हे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत मांडलेले आहेत. आपण मात्र ते खडीबरोबर भरडून रस्त्यात घालतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

याच दगडात एक होकायंत्रही गोठलेलं आहे. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट नावाच्या लोहखनिजाचे बारीक कण असतात. दगड थंड होताना ते पृथ्वीच्या त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राप्रमाणे चुंबकित होतात आणि ती दिशा धरून ठेवतात. दख्खनच्या पुष्कळशा थरांतली ही सुई उलटी आहे. तेव्हा पृथ्वीच्या चुंबकीय ध्रुवांची अदलाबदल झालेली होती. शिवाय चुंबकीय क्षेत्र जमिनीशी किती कोन करतं त्यावरून अक्षांशही काढता येतो, आणि तो सांगतो की ही जमीन तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती. ज्या कातळावर आज ठाणं आणि नवी मुंबई उभी आहे, तो दुसऱ्या गोलार्धात जन्मलेला आहे.

वय कळतं ते पोटॅशियममुळे. दगडातल्या पोटॅशियमचा एक अगदी थोडा भाग किरणोत्सारी असतो आणि त्याच्यापासून सावकाश अरगॉन वायू तयार होतो. या किरणोत्सारी पोटॅशियमचा अर्धायुष्यकाल, म्हणजे त्यातलं निम्मं उरायला लागणारा काळ, सुमारे १२५ कोटी वर्षं. वितळलेल्या लाव्हातून अरगॉन निसटून जातो, गोठलेल्या दगडात तो अडकतो. अडकलेला अरगॉन मोजला की दगड कधी गोठला ते कळतं. या मोजणीनुसार दख्खनच्या लाव्हाचा मोठा भाग ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या आसपास, दहा लाखांहून कमी वर्षांत बाहेर पडला.

आता उसंतीकडे. कसारा किंवा बोरघाटातून जाताना काळ्या कड्यात मधेच एक विटकरी, लालसर पट्टा आडवा गेलेला दिसतो. रेल्वेच्या किंवा बसच्या खिडकीतून तो आपण शेकडो वेळा पाहिलेला असतो. दोन लाव्हाप्रवाहांच्या मधला हा मातीसारखा थर. खालचा लोंढा थंड झाला, त्याच्यावर ऊन-पाऊस पडला, लोह गंजलं, माती तयार होऊ लागली आणि मग वरून पुढचा लोंढा आला. म्हणजे तो लाल पट्टा हा त्या मधल्या सुट्टीचा पुरावा आहे.

सुट्टी जरा लांबली की डबकी साचत, तळी होत, आणि तिथे जीव येत. वरळीच्या टेकडीत दोन लाव्हाथरांच्या मधल्या गाळाच्या खडकात इवलेसे बेडूक सापडले, हाडं न् हाडं जागच्या जागी असलेले. १८४७ साली रिचर्ड ओवेन यांनी त्यांचं वर्णन केलं. ‘डायनोसॉर’ हा शब्द १८४२ साली ज्यांनी बनवला तेच हे ओवेन. त्या बेडकांना आज ‘इंडोबॅट्रॅकस पुसिलस’ म्हणतात. त्याच मुंबईच्या थरांत कासवांचे अवशेषही मिळाले. बेडकाची कातडी खारं पाणी सोसत नाही. त्यामुळे एवढा एक इवलासा सांगाडा बोलतो की इथे समुद्र नव्हता, गोड्या पाण्याचं उथळ तळं होतं, त्यात खाण्यापुरते किडे होते आणि पावसाळे नेमाने येत होते. आजूबाजूला क्षितिजापर्यंत काळा उघडा कातळ आणि त्यात हे एक हिरवं, डराव-डराव करणारं डबकं. मला दख्खनचा सगळा लाव्हा एका बाजूला आणि हे डबकं एका बाजूला वाटतं.

आणखी एक अशी गोष्ट चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याची. तिथे लाव्हाच्या आधीच्या थरांत डायनोसॉरची विष्ठा दगड होऊन पडलेली आहे. गवत खाल्लं की त्यातले सिलिकेचे बारीक कण पचत नाहीत, ते तसेच बाहेर पडतात. या कणांना फायटोलिथ म्हणतात आणि गवतांच्या वेगवेगळ्या गटांत हे कण वेगवेगळ्या घाटाचे असतात. वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, अशोक सहानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली दाखवलं की त्या विष्ठेत गवताचे फायटोलिथ आहेत. तोवर असा समज होता की गवतं खऱ्या अर्थाने पसरली ती डायनोसॉर गेल्यानंतर. या शेणाने तो समज मोडला. पुढे २०११ साली त्याच भागातल्या नमुन्यांत भाताच्या जवळच्या नात्यातल्या गवतांच्या खुणा सापडल्याचंही प्रसिद्ध झालं. भातखाचरांच्या कोकणात राहणाऱ्यांना हे कळल्यावर थोडं थांबावंसं वाटेल.

डायनोसॉर का गेले याची चर्चा इथे थोडक्यातच करतो. १९८० साली लुई आणि वॉल्टर अल्वारेझ या बाप-लेकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इटलीतल्या गुबिओच्या खडकात, नेमक्या त्या काळाच्या पातळ थरात, इरिडियम या धातूचं प्रमाण फार वाढलेलं दाखवलं. इरिडियम पृथ्वीच्या कवचात दुर्मीळ, अशनींत बऱ्यापैकी. म्हणजे तेव्हा एखादी प्रचंड अशनी पृथ्वीवर आदळली असावी. पुढे मेक्सिकोत चिक्शुलूबचं सुमारे १८० किलोमीटर व्यासाचं विवर सापडलं. मोठा घाव तिथला, हे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. आपल्या लाव्हातून निघालेल्या वायूंनी हवामान किती बिघडवलं होतं, हा वाद अजून चालू आहे.

मग पुढची सहा कोटी वर्षं गेली कुठे? हा प्रश्न मला पारसिकवर उभं राहून फार छळायचा. डोंगरावर लाव्हा, खाली चिखल, आणि मधली पानंच नाहीत. कारण साधं आहे. जमीन उंचावलेली होती, तिच्यावर पाऊस कोसळत होता, आणि उतारावर काही साचत नाही, वाहून जातं. वाहून गेलेलं सगळं अरबी समुद्रात जाऊन बसलं. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, जिथे १९७४ साली बॉम्बे हायचं तेल लागलं, तिथे समुद्रतळाखाली आपलाच काळा कातळ आहे आणि त्याच्यावर गाळाचे, चुनखडीचे जाडजूड थर एकावर एक रचलेले आहेत. तेलविहिरी खणताना वर येणाऱ्या चुऱ्यात सूक्ष्म शिंपले आणि परागकण असतात, आणि आपण कोणत्या काळाच्या थरात आहोत हे त्यांवरूनच ओळखतात. कळवा ते पारसिक या वाटेवर नसलेली पानं समुद्राखाली आहेत.

आता चिखल. ओहोटीला खाडीकाठी निवट्या मासे पकडायला जाणाऱ्या एका दादांबरोबर मी एकदा गुडघाभर आत गेलो. वरचा चिखल तांबूस, चार बोटं खाली गेलं की एकदम काळा, सडक्या अंड्यासारखा वास. त्या काळ्या चिखलाचा गोळा हातात घेऊन थोडा वेळ तसाच धरला, तर बाहेरून तो तपकिरी पडायला लागला. खाली प्राणवायू पोचत नाही, तिथे लोह आणि गंधकाचं काळं संयुग तयार होतं. हवा लागली की ते गंजतं. हा वास आणि हा काळा रंग म्हणजे इतिहासासाठी आनंदाची गोष्ट आहे, कारण जिथे प्राणवायू नाही तिथे कुजणं मंदावतं आणि परागकण टिकतात.

परागकणाचं बाहेरचं कवच स्पोरोपोलेनिन नावाच्या पदार्थाचं असतं. सजीवांनी बनवलेल्या सगळ्यात चिवट पदार्थांपैकी तो एक. प्रयोगशाळेत चिखलाचा चमचाभर नमुना घेतात. हायड्रोक्लोरिक आम्लाने त्यातला चुना घालवतात, हायड्रोफ्लुओरिक आम्लाने वाळूचे कण विरघळवतात, मग आणखी आम्लं घालून उरलासुरला पालापाचोळाही काढून टाकतात. दगड विरघळतो, पराग उरतो. सूक्ष्मदर्शकाखाली ते काही मायक्रॉनपासून शंभरेक मायक्रॉनपर्यंतचे कण दिसतात. कुणाला काटे, कुणाला जाळी, कुणाला तीन भोकं. घाटावरून झाड ओळखायचं, शेकडो कण मोजायचे, आणि प्रत्येक खोलीवर कोण किती आहे याचा तक्ता करायचा. असा पहिला तक्ता स्वीडनच्या लेनार्ट फॉन पोस्ट यांनी १९१६ साली मांडला. पारसिकचा बोगदा रेल्वेसाठी खुला झाला तेही १९१६च. आपल्याकडे वनस्पतिशास्त्रज्ञ बीरबल सहानी यांनी १९४६ साली लखनौला उभारलेली संस्था आज हेच काम करते, आणि स्वतः सहानींनी दख्खनच्या लाव्हाथरांमधल्या वनस्पतींवर मूलभूत अभ्यास केला होता.

पण पराग मोजताना सावध राहावं लागतं. ठाण्याच्या खाडीत आज सगळ्यात जास्त दिसतं ते तिवर हे खारफुटीचं झाड. त्याची फुलं मधमाश्यांसाठी असतात, त्यामुळे ते पराग उधळत नाही आणि चिखलात त्याची हजेरी कमी लागते. कांदळ हे खारफुटीतलंच दुसरं झाड मात्र वाऱ्यावर भरपूर पराग सोडतं आणि असेल त्याहून मोठं दिसतं. नुसते आकडे वाचणारा फसतो. झाडाचा स्वभाव ज्याला ठाऊक, त्यालाच हा तक्ता वाचता येतो.

हे जमलं की चिखलाची काठी, म्हणजे जमिनीत नळी घालून काढलेला गाळाचा उभा नमुना, बोलायला लागते. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, शेवटचं हिमयुग ऐन भरात असताना समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. मुंबईचा किनारा शंभर किलोमीटरहून अधिक पश्चिमेला सरकलेला होता आणि खाडीच्या जागी कोरडी दरी होती. बर्फ वितळत गेलं, पाणी चढत गेलं, आणि सहा-सात हजार वर्षांपूर्वी ते आजच्या पातळीच्या आसपास आलं. गाळाच्या काठीत जिथे रानातल्या झाडांचे पराग कमी होऊन खारफुटीचे एकदम वाढतात, तिथे खारं पाणी दारात आलं असं समजायचं.

अशी गोष्ट इथे कुणी सूक्ष्मदर्शकाशिवायही पाहिलेली आहे. १८७०च्या दशकात मुंबईत प्रिन्सेस डॉक खणताना समुद्राच्या गाळाखाली झाडांचे बुंधे निघाले, त्यांतले कितीतरी उभे, मुळं जमिनीत रोवलेली. ती झाडं खैराची होती. खैर खाऱ्या चिखलात उगवत नाही. ज्या जागी पुढे जहाजं लागली, त्या जागी कधीकाळी कोरडं रान होतं.

काठीच्या अगदी वरच्या टोकाशी आपण येतो. मक्याचा पराग इतर गवतांच्या मानाने फारच मोठा असतो. अमेरिकेतलं हे पीक पोर्तुगीजांनंतर आपल्याकडे आलं, म्हणून तो दिसला की गाळ गेल्या पाचेकशे वर्षांतला. सीझियम-१३७ हा किरणोत्सारी पदार्थ अणुचाचण्यांतून हवेत गेला आणि १९६३च्या आसपास तो सर्वांत जास्त खाली बसला, म्हणून तोही तारखेचं काम करतो. त्याच्या वर प्लास्टिकचे कण.

ठाणे, कळवा, ऐरोली, उलवे या सगळ्या पट्ट्यात सध्या पूल, मेट्रो, टॉवर, विमानतळ यांची कामं चालली आहेत. उलव्याची टेकडी कापली गेली. प्रत्येक खांबाआधी जमिनीत भोक पाडून पाहतात, आणि त्यातून चिखलाच्या नि कातळाच्या लांबच लांब काठ्या बाहेर येतात. त्या लाकडी किंवा पत्र्याच्या पेट्यांत खोली लिहून नीट मांडलेल्या असतात. पाया किती खोल न्यायचा ते ठरलं की पेट्यांचं काम संपतं. असाच एक ढीग मी एका बांधकामाच्या कुंपणाआड पावसात भिजताना पाहिला. वरच्या पेटीवर रंगाने लिहिलेले खोलीचे आकडे अजून वाचता येत होते. आत काळा चिखल सुकून भेगाळला होता आणि वरून तपकिरी पडायला लागला होता. त्याच्या खाली, पुढच्या पेटीत, जाळीदार काळा कातळ.