गिअर मोजण्याआधी चेन बघा

"किती गिअरची आहे?" सायकल घ्यायला किंवा सुधारून घ्यायला येणारे बहुतेक जण पहिल्यांदा हेच विचारतात. आमचं म्हणणं, हा आकडा जरा बाजूला ठेवा.

समजा पुढे ४२, ३२ आणि २२ दात्यांच्या तीन चकत्या आहेत, मागे ११ ते ३२ दात्यांच्या आठ. झाले २४ गिअर. पण चेन पुढे ४२ वर, मागे २१ वर असो, की पुढे २२ वर, मागे ११ वर. पायडलच्या एका फेऱ्यात चाक दोनदाच फिरतं. शिवाय दुसऱ्या जोडीत चेन तिरकी ओढली जाते, ती वापरूच नये. सर्वांत जड आणि सर्वांत हलक्या गिअरमध्ये इथे साडेपाच पट फरक आहे. पुढे एकच चकती आणि मागे १० ते ५० दात्यांच्या बारा घेतल्या, तर तो पाच पट येतो. गिअर निम्मे झाले, तरी चढावर फारसं काही गमावत नाही.

पुढे एकच चकती ठेवायची तर खड्ड्यात चेन उडायची. २०१२ मध्ये स्रॅम या कंपनीने चकतीचे दाते एक जाड, एक बारीक असे आलटून पालटून केले. चेनच्याही कड्या एकाआड एक रुंद आणि अरुंद असतात, त्यामुळे प्रत्येक दाता आपल्या जागी घट्ट बसतो. पुढचा शिफ्टर (गिअर बदलायची कळ), केबल, डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा भाग) सगळं गेलं. अलीकडच्या सुधारणांत आम्हाला सर्वांत आवडलेली हीच.

मोठ्या पुढच्या चाकाच्या जुन्या सायकलीत पायडल थेट चाकाला असे. वेग हवा तर चाकच मोठं करायचं. १८८० मध्ये हान्स रेनॉल्ड यांनी मँचेस्टरमध्ये बुश (पिनेभोवतीची नळी) आणि रोलर (त्यावर फिरणारी चाकी) असलेली चेन बनवली. १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्ली यांच्या 'रोव्हर'ने चेनने मागचं चाक फिरवलं आणि दोन्ही चाकं बेताची झाली. टूर द फ्रान्स या शर्यतीत मात्र डिरेलरला परवानगी मिळायला १९३७ उजाडलं. सनटूर कंपनीने १९६४ मध्ये मागच्या डिरेलरची चौकट तिरकी केली, त्यामुळे तो लहानमोठ्या सगळ्या चकत्यांपासून सारख्याच जवळच्या अंतरावर राहू लागला. पुढे शिमानोने त्याला टक्-टक् पडणाऱ्या शिफ्टरची जोड दिली. आज गिअर अंदाजाने शोधावा लागत नाही, तो या दोन कल्पनांमुळे.

लंबगोल चकत्यांबद्दलही विचारणा होते. शिमानोच्या १९८३ च्या 'बायोपेस' चकतीत पाय जोर लावतो तिथे चकती लहान होती, आजच्या लंबगोल चकत्यांत ती तिथेच मोठी असते. नाव सारखं, विचार उलटा. काहींच्या पायाला मानवतं, काहींच्या नाही; चालवून बघूनच ठरवा.

आता तुमची चेन. "चेन ताणली" असं आपण म्हणतो, पण कड्यांच्या पट्ट्या ताणल्या जात नाहीत. पिना झिजतात, त्या फिरतात ती भोकं झिजतात, आणि केसाएवढी ढील प्रत्येक जोडाला वाढत जाते. इंचांची पट्टी घ्या, शून्य एका पिनेच्या मध्यावर धरा आणि २४ जोड मोजा. नव्या चेनमध्ये चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर येते. ती १/१६ इंच पुढे गेली असेल तर चेन बदला. १/८ इंच पुढे गेली असेल तर मागच्या चकत्याही बहुधा गेल्या. त्यांचे दाते जुन्या चेनच्या मापाने झिजलेले असतात, म्हणून नवी चेन त्यांवर चढते पण जोर लावला की घसरते. असं झालं की "चेन खराब दिली" म्हणून लोक परत येतात. चेन चांगली असते, उशीर झालेला असतो.

तेल रोलरवर एकेक थेंब टाका, पायडल उलटं फिरवा आणि वरचं सगळं फडक्याने पुसून काढा. बाहेर राहिलेलं तेल धूळ धरतं, आणि ती धूळ तेलात मिसळून कानशीसारखं काम करते.

चेनऐवजी पट्ट्याची (बेल्टची) सायकल हवी असेल तर एक लक्षात ठेवा. त्याला तेल लागत नाही, पण तो चेनसारखा तोडून जोडता येत नाही. मागची फ्रेम उघडणारी असावी लागते. चेनच्याच सायकलला मागे १० ते ५० च्या बारा चकत्या लावायच्या असतील तर मागच्या हबची बॉडी, म्हणजे चकत्या बसतात तो भाग, आधी बघावी लागते, कारण १० दात्यांची चकती जुन्या पद्धतीच्या बॉडीवर बसत नाही, तिथे सर्वांत लहान ११ चीच बसते. म्हणून पार्ट मागवण्याआधी मागचं चाक घेऊन या.