लिफ्ट कधी लागलीच नाही, तरी खोरं चाललंय

सिअ‍ॅटलकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींना पाहुणे आले की लेव्हनवर्थ या पर्यटनाच्या गावाला न्यायची सवय असते, मीही तेच करायचो. पण कॅस्केड डोंगरांच्या पलीकडे मेटहाऊ नावाचं खोरं आहे (स्पेलिंग बघून आपण मेथो म्हणतो, तिथले लोक मेटहाऊ). हिवाळ्यात तिथे जायला लांबचा वळसा पडतो, कारण सरळ जाणारा हायवे २० हिमकडे कोसळतात म्हणून वसंत ऋतूपर्यंत बंदच असतो. विन्थ्रॉप हे तिथलं नावाजलेलं गाव, वस्ती जेमतेम ५००. एवढ्याशा गावात बेकरी चालते, स्कीचं दुकान चालतं, हॉटेलं चालतात, म्हणजे गणित काहीतरी वेगळं असणार ना.

पूर्वी इथे गुरं, सफरचंदाच्या बागा आणि लाकूड यांवर घरं चालायची. १९७२ला हा हायवे खुला झाला आणि विन्थ्रॉपने त्याच वर्षी दुकानांना काउबॉय पिक्चरमधल्यासारखे लाकडी दर्शनी भाग लावून घेतले. थोडं नाटकीच वाटतं, पण गाड्या थांबायला लागल्या.

खरा वाद नंतरचा. खोऱ्याच्या वरच्या अंगाला मझामा गावाजवळ सँडी ब्यूट नावाच्या डोंगरावर, स्कीअरना वर नेणाऱ्या १६ लिफ्टचं, एकावेळी ८,२०० स्कीअर मावतील असं रिसॉर्ट करायचा प्लॅन होता. विरोध करणाऱ्यांचे मुद्दे दोन होते, हरणं आणि हवा. हरणांचा मुद्दा समजतो, पण डोंगरातल्या स्वच्छ हवेला काय धाड भरणार असं वाटतं, आणि तिथेच विज्ञान येतं. हिवाळ्यात निरभ्र रात्री जमीन भराभर उष्णता सोडते, उतारावरची हवा गार होऊन जड होते आणि वाटीत दूध ओतावं तशी खोऱ्याच्या तळाशी साचते. वर उबदार हवेचं झाकण. ३० डिसेंबर १९६८ला विन्थ्रॉप आणि मझामात पारा उणे ४४ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता, वॉशिंग्टन राज्याचा नीचांक तो. या गारठ्यामुळे बर्फ कोरडा राहतो आणि टिकतो, पण त्याच झाकणाखाली रिसॉर्टभोवती वाढणाऱ्या घरांच्या लाकडी शेगड्यांचा धूर पण कोंडतो. विरोधकांची केस थेट अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेली, १९८९ला निकाल रिसॉर्टला परवानगी देणाऱ्या सरकारी वनखात्याच्या, म्हणजे फॉरेस्ट सर्व्हिसच्या बाजूने लागला आणि तरी लिफ्ट काही लागल्या नाहीत!

मग चालतं कशावर? तर सपाट बर्फावरच्या क्रॉस-कंट्री स्कीइंगवर. २०० किलोमीटरहून जास्त वाटा, मशीन फिरवून दाबून गुळगुळीत केलेल्या, मेटहाऊ ट्रेल्स नावाची ना-नफा संस्था त्या सांभाळते, आणि बऱ्याच वाटा लोकांच्या खासगी जमिनीतून त्यांच्या परवानगीने जातात. आपल्याकडे बांधावरून भाऊबंदकी होते, तिथे शेतातून अख्खा ट्रेल जाऊ देतात.

आता पैशाचं बघू. बाहेरून आलेला पाहुणा म्हणजे एक प्रकारची निर्यातच, फक्त इथे माल बाहेर जात नाही, गिऱ्हाईक घरी येतं. पण त्याने खर्च केलेल्या १०० डॉलरपैकी किती गावात फिरतात हे महत्त्वाचं. समजा प्रत्येक फेरीत ४० टक्के गावातच परत खर्च झाले, तर १०० अधिक ४० अधिक १६ असं करत एकूण उलाढाल साधारण १६७ होते. २० टक्केच राहिले तर १२५वर संपतं. बाकीचं पेट्रोल कंपनी, बाहेरचे मालक, बाहेरून आणलेला माल यांत गळून जातं. माझं मत असं की लांब पसरलेल्या वाटांमुळे इथली गळती कमी असावी, कारण माणूस एका गावातून निघतो, मध्ये कुठेतरी सूप पितो, दुसरीकडे मुक्काम करतो, पैसा एकाच रिसॉर्टच्या गल्ल्यात पडत नाही.

पण हेच सौंदर्य अंगावरही येतं. शहरातल्या पगारदारांनी सेकंड होम घेतली की घरांच्या किमती शहरातल्या पगारावर ठरतात आणि गावातले पगार हॉटेल-दुकानाचेच राहतात. म्हणजे लोणावळ्याचीच गोष्ट, फक्त बर्फ जास्त. त्यात उन्हाळ्यात वणवे. २०१४च्या कार्लटन कॉम्प्लेक्स वणव्यात अडीच लाख एकरांहून जास्त भाग जळला, शेकडो घरं गेली. २०२१ला परत आगी लागल्या, खोऱ्यात आठवडेच्या आठवडे धूर, आणि धुरात सायकलिंगला कोण येणार?

घरांवर तिथल्या लोकांनी एक तोडगा काढलाय, मेटहाऊ हाउसिंग ट्रस्ट. जमीन ट्रस्टच्या नावावर राहते, माणूस फक्त वरचं घर विकत घेतो, आणि पुढे विकायचं झालं तर किंमत ठरलेल्या मर्यादेतच. जमिनीचा वाढता भाव त्या व्यवहारात येतच नाही, त्यामुळे रात्री वाटांवर मशीन फिरवणाऱ्याला सकाळी झोपायला खोऱ्यातच घर मिळू शकतं.