ब्राउझर बदलला की मेल उडतात?

जळगाव-भुसावळकडे अजून ऐकू येणारा समज: क्रोम हा ब्राउझर (वेबसाइट उघडायचं अ‍ॅप) सोडून फायरफॉक्स घेतला, की मेल, फाइली, पासवर्ड सगळं जातं. तसं होत नाही. जीमेलचे मेल सर्व्हरवर, म्हणजे गूगलच्या संगणकांवर असतात, ब्राउझर ते फक्त दाखवतो. उतरवलेला सातबारा ‘डाउनलोड्स’ फोल्डरमध्येच राहतो. बुकमार्क (जपून ठेवलेले वेबसाइटचे पत्ते) आणि साठवलेले पासवर्ड मात्र जुन्या ब्राउझरच्या पोटात असतात. भीती बहुधा इथूनच आली. पण नव्याच्या सेटिंगमध्ये ‘इम्पोर्ट’ असतं, तिथून तेही आणता येतात. खात्री करायची तर जुना काढूच नका, दोन्ही एकाच संगणकावर सुखाने नांदतात. नव्यात लॉगिन करून केळीच्या व्यापाऱ्याचा एखादा जुना मेल शोधा, सापडेल. (मेलचा पासवर्ड आठवतोय ना, तेवढं आधी बघा.)